पिशवीतली अंडी

ज्याने मांसाहार सोडला, तो खाणाऱ्याला कमी लेखतो का, या प्रश्नाचे उत्तर मला पंचवटीतल्या एका भाजीवाल्या बाईंकडे मिळाले.

त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. एकादशीला त्या कांद्याला हात लावत नाहीत. गिऱ्हाइकालाच पारड्यात टाकायला सांगतात. "ज्याचं त्यानं घ्या," एवढेच म्हणतात.

बाळंतपणानंतर अशक्त झालेल्या माझ्या मुलीला डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली. आमच्या घरात अंडी कधी आली नव्हती. ती विकत घेऊन, पिशवीत वर्तमानपत्राखाली झाकून मी बाईंकडे भोपळा घ्यायला गेलो, तेव्हा एकादशी असल्याचे मला आठवले नाही. बाईंनी पिशवी उघडताच कागद सरकला. मी ओशाळलो.

"लेकीसाठी आहेत," मी पुटपुटलो.

"मग भोपळ्याखाली फोडता का, मास्तर?" असे म्हणत त्यांनी अंडी स्वतःच्या हातांनी बाहेर काढली, भोपळा तळाशी ठेवला आणि अंडी अलगद वर रचली. "माळ माझ्या गळ्यात हाय, तिच्या नाय. तिला बरं वाटू द्या."

त्या संध्याकाळी मुलीसाठी अंडे मीच उकडले.

माझे निरीक्षण एकाच व्यक्तीचे आहे. वाचकांनी आपल्या ओळखीच्या माळकऱ्यांकडे ते स्वतः पडताळून पाहावे.