सायकलच्या तारेची सुई

"आवाज हितवर येतोय," असं म्हणून तो डोळे मिटायचा आणि डाव्या हाताचं बोट वर करायचा. म्हणजे आता सगळ्यांनी गप बसायचं. ताडकळसच्या बाजाराहून परतणारी माणसं काखेत रेडिओ धरून त्याच्यापुढं गपगार उभी राहायची.

रेडिओ दुरुस्त करणारे तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. सेट उघडायचा, फुंकर मारायची, दोन थपडा हाणायच्या आणि "पार्ट परभणीहून आणावा लागंल" म्हणायचं. याचं तसं नव्हतं. माझ्या सायकलच्या दुकानातली चाकाची एक मोडकी तार मागून घेऊन त्यानं तिला सुईसारखं टोक काढलं. ती जुन्या शाईपेनात बसवली, मागून वायर काढून कानात घालायच्या बटणाला जोडली. रेडिओच्या पोटात ही सुई एकेका जोडाला टेकवत जायची आणि ऐकायचं. जिथं आवाज मेला, तिथं बिघाड. अख्खं वर्कशॉप खिशाला लावून हिंडायचा पठ्ठ्या!

त्याची टपरी माझ्या दुकानाला खेटून होती. बौद्धवाड्यातून येऊन गावच्या रस्त्यावर धंदा मांडलेला तो पहिलाच. "आप्पा, ही टपरी तेवढी टिकली पायजे. दुसरं काय बी मागत न्हाई मी," असं तो मला सारखं म्हणायचा.

देवळाच्या भोंग्याची मशीन बिघडली की त्यालाच बोलावणं. तो देवळात शिरायचा नाही म्हणून मशीनच बाहेर पारावर यायची. त्यानं ती दुरुस्त केली की पुजारी तांब्या घेऊन यायचा आणि विटाळ जावा म्हणून तिच्यावर पाणी शिंपडायचा. वायरींनी भरलेल्या मशीनवर पाणी! दुसऱ्या दिवशी ती खरखरायला लागायची आणि पुन्हा पारावर यायची. हा सुई टेकवायचा.

"आवाज हितवर येतोय, आप्पा. फुडं तीर्थ हाय."

"अरे, मग सांग की त्यांना!" मी चिडायचो.

"मशीन उन्हात वाळवता येती. ह्यांना कुटं वाळवू?"

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावाच्या अंगात सैतान शिरला. सैतान कशाला म्हणू, माणसंच होती. दिवसाढवळ्या टपरी पेटवली. पेटवणारे परगावचे नव्हते. त्यातल्या दोघांच्या वरातीत याचाच भोंगा वाजला होता. मी घागर घेऊन धावलो तर एकानं माझा हात धरला. "आप्पा, तुमचं दुकान बाजूलाच हाय, बरं का." मी तरीही घागर ओतली, पण एका घागरीनं काय होणार? रेडिओ, भोंगे, हत्यारं, सगळं गेलं. खिशाला होतं म्हणून पेन वाचलं.

त्याच आठवड्यात तो बायको-लेकरांना घेऊन निघाला. त्याचं गाठोडं सायकलवर बांधून मी चुडाव्याच्या स्टेशनपर्यंत गेलो. गाडीची वाट बघत होतो, तोच पाटलाची बैलगाडी आली. तिच्यात देवळाची मशीन, बॅटरीसकट! दुसऱ्या दिवशी श्रावणातला सप्ताह बसायचा होता आणि मशीन मुकी झाली होती. ह्या लोकांना लाज कशी वाटली नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

"एवढं बघ बाबा. देवाचं काम हाय," पाटील म्हणाले.

मला वाटलं, हा आता थुंकेल. त्यानं मशीन उघडली, बटण कानात घातलं, बोट वर केलं. फलाटावर सगळे गप झाले, पाटीलसुद्धा.

"आवाज हितवर येतोय. हा जोड सुटलाय. कथलाचा डाख लावावा लागंल."

"मग लाव की."

"त्याला सळई लागती, ती तापवायला इस्तू लागतो. सळई टपरीत व्हती, मालक. इस्तू तुमच्याकडं हाय."

गाडी आली. त्यानं पेन खिशाला लावलं, लेकरांना डब्यात चढवलं आणि मला "येतो, आप्पा" म्हणाला. म्हणाला खरा, पण पुन्हा गावात आला नाही.

बैलगाडीच्या मागं सायकल हाणत मी परतलो. मुकी मशीन गड्यांनी पारावर उतरवली. पुजारी आतून तांब्या घेऊन आला आणि तिच्यावर पाणी शिंपडायला लागला.