हनुवटीखालची सुई

भातकुलीच्या दीपमालाचा आवाज माईकशिवाय मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा. भीमजयंती असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन, अमरावती-अकोल्याकडच्या गाण्याच्या कार्यक्रमांना तिलाच बोलावणं असायचं. चाळिशी ओलांडली तसं अंग भरलं, पण गळा अधिकच तयार झाला.

तिचे कार्यक्रम ठरवायचा गोवर्धन. नवं पोस्टर दाखवत तो म्हणाला, "ताई, आवाजाले तोड नाई. पण फोटोत हनुवटी डबल दिसून राहिली. आता लोकं मोबाइलवर पाहतेत, आयकते कोन?"

ते तिला लागलं. अमरावतीत एका काचेच्या दाराच्या ब्यूटी क्लिनिकमध्ये ती गेली. पांढरा कोट घातलेली भावना म्हणाली, "ऑपरेशन नाई, टाके नाई. सुईनं चरबी विरघयते. काईच होत नाई, ताई."

हनुवटीखाली ओळीनं सुया टोचल्या. जाळ झाला, मान सुजली. सूज उतरल्यावर दीपमाला आरशात पाहून हसली, तर खालचा ओठ डावीकडे हललाच नाही. गायला बसली, तर 'भीम'मधला भ तोंडाच्या कोपऱ्यातून वाऱ्यासारखा निसटला.

नवरा संघपाल तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "जबड्याच्या काठानं जाणाऱ्या नसेला इजा झाली आहे. बहुतेक भरून येईल, पण महिने लागतील. सुई देणारी बाई डॉक्टर होती का?"

दीपमालानं ते कधी विचारलंच नव्हतं. ती तिथून थेट क्लिनिकवर गेली. बाकावर दोन पोरी नंबर लावून बसल्या होत्या.

"तू डॉक्टर हायेस का? हो का नाई, येवढंच सांग."

"मॅडम, हळू बोला. कस्टमर बसले हायेत."

"हळू? माहा आवाज खाल्ला तुनं, अन् मले हळू बोल म्हन्ते?"

"कोर्स केला हाय मी."

"कोनाच्या मानेवर शिकली?"

पोरी पर्सा उचलून बाहेर पडल्या.

दीपमालानं पोलिसांत तक्रार दिली. क्लिनिकचं शटर पडलं. तोवर गोवर्धननं तिच्या जागी दुसरी गायिका घेतली होती, तिला एक फोनही न करता.

ओठ हळूहळू हलायला लागला, शब्द जागेवर आले. मग गोवर्धन पेढे घेऊन दारात उभा. "ताई, जयंतीले तुमचंच नाव टाकतो."

"तुह्या पोस्टरवर माहं तोंड नको. पेढे घेऊन जाय." आणि तिनं दार लावलं. त्या जयंतीला ती आपल्याच वस्तीतल्या विहारात गायली.

हसताना ओठ अजून किंचित वाकडा होतो. मध्यंतरी कळलं की भावनानं अकोल्यात नव्या नावाची पाटी लावली आहे. दीपमाला तडक अकोल्याला निघाली, तिथंही तक्रार द्यायला.

संघपाल म्हणाला, "जाऊ दे न आता. तू बरी झाली."

पायात चपला सरकवत ती कडाडली, "जाऊ कसं देऊ? थे बाई अजूनई लोकाईले टोचून राहिली!"