शेंदूर फासलेली कील

धाकट्या भावाला शिडाच्या बोटीचं वेड लागलं होतं. राहणार खोपोलीत आणि नाद समुद्राचा! बोट मांडव्याला ठेवायची आणि सुट्टीच्या दिवशी शाळकरी लेकीला घेऊन फिरायचं, असं त्याचं ठरलेलं. जुनी बोट सापडली तीही कुठे, तर समुद्रापासून लांब, कळंबच्या एका रिसॉर्टच्या हिरवळीवर. पाहुण्यांना फोटो काढायला म्हणून मालकाने ती कुण्या हौशी माणसाकडून आणून उभी केली होती, आता विकायला काढली होती. मी रसायनीच्या कारखान्यात जन्मभर गंजलेले पाइप तपासले, म्हणून भावाने मला बरोबर नेलं.

मला फक्त कील बघायची होती. कील म्हणजे बोटीच्या पोटाखाली बोल्टांनी बसवलेलं जड लोखंडी पातं. वाऱ्यात बोट उभी राहते ती त्याच्या जोरावर. ते भर समुद्रात निखळलं, तर बोट उलटते आणि आतली माणसं पाण्यात जातात.

आणि कील बोटीला जिथे जोडलेली, नेमका त्या जोडावर शेंदूर! चांगला जाड थापलेला. वर झेंडूची माळ, खाली करवंट्या, उदबत्तीची राख. भावाने काय करावं? चपला काढल्या आणि हात जोडले. आमच्याकडे शेंदूर दिसला की हात आपोआप जुळतात, खाली काय आहे ते कुणी विचारत नाही. माझेही जुळले असते, पण माळेतून झुरळं निघाली आणि कुजक्या फुलांचा वास थेट घशात उतरला.

शिडी लावून मी बोटीत चढलो, तळाची फळी उचलली. काळं पाणी, बिअरचे डबे, गुटख्याच्या पुड्या आणि फुगून वर आलेला एक बेडूक. तरी हात घातला, तर कीलच्या बोल्टाचा गंजका पापुद्रा सुटून बोटांना चिकटला.

"पावसाचं पानी हाय वो ते," मालक खालून ओरडला.

मी उतरलो आणि शेंदराला नख लावलं. माळ कुजून काळी पडलेली, पण शेंदूर ओला.

"अवो साहेब, हात नका लावू! देव हाय तो!"

"कधीपासून?"

"पयल्यापासून हाय."

"दादा, नको रे," भाऊ कळवळला. "उगाच कशाला देवाच्या वाटेला जातोस?"

मी पेचकस काढला आणि खरवडायला लागलो. शेंदराखाली गाडीच्या पत्र्याला भरतात ती पुट्टी निघाली. पुट्टीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा, आणि त्यातून तांबडं पाणी ठिबकायला लागलं. बेडूक परवडला! माणूस तडा लपवायला देव बसवतो, वर जुनी माळ शोधून घालतो, याची मला जी शिसारी आली, ती आजही जात नाही.

भावाने वाकून तड्यात बोट घातलं. ते पेरभर आत गेलं. मग त्याने मालकाला हळूच विचारलं, "तुमच्या पोरीला बसवाल यात?"

मालकाला हसूच आलं. "आमी कशाला बसवू? आमी शेतातली मानसं, आमी कुठं दर्यात जातो?"

आम्ही गाडी वळवेपर्यंत तो पुन्हा शेंदूर कालवायला बसला होता.