रॉकेलवाल्याच्या बहिणीचं लग्न

विसावं वर्ष सरता सरता मला कर्जतची रॉकेलची एजन्सी मिळाली. पेठेत माझ्याएवढा लहान एजंट दुसरा नव्हता. मामा मुंबईला तेलाच्या कंपनीत कामाला होते, त्यांनी साहेबाच्या कानावर घातलं. वडिलांच्या माघारी किराण्याचं दुकान माझ्याच गळ्यात पडलेलं होतं. एक दिवस रेल्वेनं कंपनीचा बोर्ड आला, निळा, चकचकीत, पत्र्याचा. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, थोरल्या काकांनी पेढे वाटले. आणि बोर्ड भिंतीवर नीट बसतोय न बसतोय तोच लढाईत रंगून जपान्यांच्या हाती पडलं आणि ब्रह्मदेशातून येणारं तेल आटलं. याला म्हणतात नशीब!

बोर्ड होता, तेल नव्हतं. हे मी कर्जतला, खालापूरला, आल्यागेल्याला घसा फोडून सांगितलं, पण एकालाही पटलं नाही. एजंटाकडं तेल नाही म्हणजे काय? त्यात बाँबच्या भीतीनं मुंबईची बिऱ्हाडं आमच्याकडं उठून आलेली, त्यांच्याही कंदिलांना तेल हवंच. वॅगन यायची तेव्हा यायची. तिची नुसती कुणकुण लागली की दुकानापुढं बाटल्यांची रांग लागे. माणसं झाडाखाली विड्या ओढत बसायची, आणि गळ्याला सुतळी बांधलेल्या बाटल्या रांगेत उभ्या. मी कार्डाप्रमाणं माप घालत जायचो आणि अर्धी रांग बाकी असतानाच पिंपाचा तळ वाजायचा. मग तोंडं सुटायची.

"आतल्या खोलीत बघ रं जरा!"

"आमाला नाय, मामलेदाराला हाय काय?"

आतल्या खोलीत काय होतं? मिरच्यांची पोती आणि उंदीर. एकदा वैतागून मी दोघांना हाताला धरून आत नेलं, पोती हलवून दाखवली, पिंपं उपडी करून दाखवली. बाहेर येऊन ते सगळ्यांना सांगतात काय, "हितं नाय ठेवलं. दुसरीकडं ठेवलं असंल." कपाळ माझं!

वर कंपनीचा तपासनीस. मुंबईहून यायचा, रिकाम्या पिंपांकडं ढुंकूनही बघायचा नाही. खिशातला रुमाल काढून बोर्डावर फिरवायचा, त्यावरची धूळ माझ्या नाकासमोर धरायचा आणि बोर्ड रोज धुतलाच पाहिजे असं बजावून परतीची गाडी गाठायचा. विकायला तेल नाही, पण बोर्ड स्वच्छ हवा! मी निमूटपणे रोज धूत होतो.

अशात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. खालापूरकडचं घर, भातशेतीवाले, माणसं चांगली. बोलणी झाली तेव्हा मुलाचे वडील सगळ्यांदेखत हसून म्हणाले, "व्याही रॉकेलवालं हायेत, उजेडाची काय काळजी नाय." काका मिशीतल्या मिशीत हसले. बहिणीला तर उजेडाची भारी हौस. मैत्रिणीच्या लग्नात तिनं रॉकेलवर जळणाऱ्या गॅसबत्त्या बघितल्या होत्या. आपल्या मांडवात चारी कोपऱ्यांना बत्त्या लागणार, असं ती विहिरीवर भेटेल त्या पोरीला सांगत सुटली. मीही ठरवलं होतं, घरच्या कार्डावर मिळेल ते साठवायचं आणि हिची हौस पुरवायची.

पुढच्या वाटपाला रांगेतला एक शेतकरी रिकामी बाटली हलवत म्हणाला, "आमच्या घरात अंधार हाय. आता बहिनीच्या लग्नात बघू की, ह्याच्या मांडवात काय जळतंय ते!" सगळी रांग खो खो हसली. माझं डोकंच फिरलं. फळीवर हात आपटून मी ओरडलो, "माझ्या बहिनीच्या लग्नात रॉकेलचा एक थेंब जळला, तर हा बोर्ड उतरवून तुझ्या गोठ्याला लावीन!" शेतकऱ्यानं बाटली खाली ठेवली. मला फार बरं वाटलं. घरी पोचेपर्यंत बरं वाटलं.

"अरं, तुझ्या जिभेला काय हाड?" आई म्हणाली. काका म्हणाले, "कार्डावरचं साठवलंय ते तरी जाळू. ते काय चोरीचं हाय?" चोरीचं नव्हतंच! पण ते पटवायचं कुणाला? मांडवात एक बत्ती फुसफुसली असती की अख्खं गाव म्हणालं असतं, बघा. साठवलेलं तेलही मी दुसऱ्याच दिवशी रांगेत वाटून टाकलं. मग खालापूरला जाऊन व्याह्यांना हात जोडले, म्हटलं लग्न सकाळी लावू. ते म्हणाले, "आमच्यात लगीन गोरजावरच लागतं." विषय संपला. बहिणीनं सगळं ऐकलं आणि तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

लग्नाच्या दिवशी सूर्य माथेरानच्या डोंगरामागं गेला आणि आम्ही करंजाच्या तेलाच्या पणत्या पेटवल्या. उजेड चिमूटभर आणि धूर मांडवभर. भटजी खोकत खोकत मंगलाष्टकं म्हणत होते. अंतरपाट दूर झाला तर नवरानवरीला एकमेकांची तोंडं दिसेनात, शेवटी कुणीतरी पणती उचलून वर धरली. पंगतीत आमटी कुणाच्या पानात आणि कुणाच्या मांडीवर. व्याही पानावरून उठले नाहीत, एवढंच. मी मात्र मान ताठ ठेवून पंगतीतून फिरत होतो. म्हटलं, घ्या, आता तरी डोळे उघडा.

आचवताना तो बाटलीवाला शेतकरी माझ्याकडं आला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "मानलं बाबा तुला!" मला वाटलं, सुटलो एकदाचा. तेवढ्यात तो शेजारच्याकडं वळला. "पिंपं भरल्याली असून बहिनीचं लगीन अंधारात लावलं बघ. धंद्याला असं डोकं लागतं." शेजारचाही कौतुकानं मान हलवत होता. याला धरून बडवावा की स्वतःचंच थोबाड फोडून घ्यावं, मला कळेना.

सकाळी वऱ्हाडाच्या गाड्या जुंपल्या. बहीण आईच्या गळ्यात पडून रडली, काकांच्या पाया पडली आणि माझ्याजवळ आली. इतक्या दिवसांनी ती बोलणार म्हणून मला भरून आलं होतं. पदर सावरत ती हळूच म्हणाली, "दादा, लगीन झालं आता. मला तरी सांग, कुठं ठेवलंयस?"

"काय गं?"

"रॉकेल."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी शप्पथ. कुठंच नाय गं. थेंबसुदीक नाय."

 मग तिनं माझा हात डोक्यावरून खाली घेतला.

"असू दे, नको सांगू," ती म्हणाली. "आता मी परक्याची ना." आणि गाडीत जाऊन बसली.