फोटोवाल्याने पुसलेली टाचणी

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद लावतो आहे. निदान संध्याकाळपर्यंत कोणी काढू नका.

बायको गेल्यापासून मी रोज सकाळी शहाडला नदीवर उडणारे चतुर किडे बघत बसतो. त्यातल्या बारीक निळ्या चतुराला मी टाचणी म्हणतो. टाचण्या बघतो असे सांगितले तर लोक हसतात, म्हणून उसना डबा कॅमेरा आणून फोटो काढला. त्यात जवळून फोटो पुसट येतो, म्हणून लांबूनच काढला.

आज फोटो आणायला गेलो, तर नुसते पाणी आणि लव्हाळा!

"अहो, यात टाचणी होती!"

फोटोवाला म्हणाला, "काका, एक काळा ठिपका होता. डाग समजून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली. नवरीच्या गालावरचा तीळसुद्धा आम्ही असाच काढतो!"

बिचाऱ्याने मन लावून काम केले होते. "छान आहे" म्हणालो आणि घरी आलो. घरी दाखवायला कोणी नाही.

उन्हाने पाणी आटते आहे. टाचण्या किती दिवस राहतील, याची धास्ती वाटते. उद्या सकाळी कोणी येता का माझ्याबरोबर? फोटो नको. तुम्ही टाचणी नुसती बघून "हो, आहे" म्हणालात, तरी पुरे.