चाकांवरच्या खोलीतली झोप

साथीच्या रुग्णांना वेगळं ठेवायला आमच्या आरोग्य केंद्रात चाकांवरच्या खोल्या येतात. त्या बनवणाऱ्या बाई साताऱ्याच्या. बोलतात कमी. काहीही विचारलं तरी आधी "बघूया" म्हणतात आणि येता-जाता खोलीच्या भिंतीला उलटा हात लावून पाहतात, आम्ही नर्स लेकरांचा ताप बघतो तसा.

गेल्या मे महिन्यात रहिमतपूरजवळच्या एका गावात तापाची साथ आली, तेव्हा बाई दोन नव्या खोल्या घेऊन तिथं आल्या. भर दुपारी एक आजी नव्या खोलीच्या पायरीवरच बसून राहिल्या. "त्या पत्र्याच्या डब्यात उकडून मरायचं न्हाई मला," म्हणाल्या. त्यांचं अंग तापानं भाजत होतं.

बाईंनी त्यांना समजावलं नाही. दुहेरी छप्पर, त्यातून खेळणारा वारा, यातलं काहीच सांगितलं नाही. "बघूया," म्हणत आत गेल्या, कॉटवर आडव्या झाल्या.

बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, तेव्हा घाबरून मी आत डोकावले. आत चांगलाच गारवा होता आणि बाई चक्क घोरत होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

आजींनीही वाकून पाहिलं.

"उठवू नगं तिला, लय दमलीया," त्या हळूच म्हणाल्या. "मला शेजारची खोली दाव."