नऊ नंबरचं दुसरं बटण

परदेशात अकरा वर्षं काढून तो परत आला आणि आठवड्याभरात गल्लीनं त्याला नवं नाव चिकटवलं: 'तिकडचे'. चूक त्याचीच होती. दर दुसरं वाक्य 'तिकडे' म्हणून सुरू करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? तिकडे नळाला गरम पाणी, तिकडे बस मिनिटाच्या काट्यावर, तिकडे असं आणि तिकडे तसं. लोक ऐकून घ्यायचे, चहा संपवायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "ते राहू दे हो, पण मिळायचे किती?"

तो खरं ते सांगून टाकायचा. इकडे दोन दिवस राबून जे मिळतं, ते तिकडे एका तासात. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे व्हायचे. मग एवढं मिळत होतं तर परत कशाला कडमडलास, हे तोंडावर कोणी विचारत नसे, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

परत आला, कारण तिकडचा कारखाना बंद पडला. डब्यांची झाकणं बनवायचा कारखाना. तिकडच्या एका माणसाच्या पगारात इकडे सोळा माणसं राबतात, हे एक दिवस तिथल्या मालकांच्या लक्षात आलं. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एक पाकीट ठेवलं आणि यंत्रं भंगाराच्या भावात काढली. तसं तिकडेही सुख काही उतू चाललं नव्हतं. एका खोलीत सहा जण. मुकादम त्याला नावानं कधी हाक मारत नसे, मशीनच्या नंबरानं मारायचा: "ए नऊ!" संडासला जायला सात मिनिटं, तीही घड्याळ लावून. तापानं फणफणला तरी काळं कुत्रं विचारायचं नाही. पण एक मात्र खरं, तिकडे माणसाला कोणी विचारत नसलं तरी त्याच्या बोटांना विचारत होते. बोट तुटलं तर कारखान्याला एवढा भुर्दंड बसायचा की त्यात नवंकोरं मशीन आलं असतं.

इकडे धाकट्या बहिणीनं तिच्या कारखान्यात शब्द टाकला आणि त्याला मिस्त्री म्हणून चिकटवून दिलं. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, त्यात पाच प्रेस. काम सोपं. पत्र्याचा तुकडा ठेवायचा, बटण दाबायचं, वरून दट्ट्या येतो आणि झाकण कापून जातो. मिस्त्रीला महिन्याचा पगार, बायकांना नगावर. जेवढी झाकणं तेवढे पैसे. धाकटीला नवऱ्याचा आधार नव्हता. तिची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिची फी आतापर्यंत झाकणांनीच भरली होती.

आठव्या महिन्यात मालकानं स्वस्तात सहावं मशीन आणलं. ताडपत्री निघाली आणि मिस्त्री जागच्या जागी थांबला. पिवळ्या रंगात नऊचा आकडा. कडेला तो गरम मग ठेवायचा त्याचा गोल डागसुद्धा तसाच.

"काय मिस्त्री, ओळखीचं आहे का?" मालक हसत म्हणाला.

"अकरा वर्षांची ओळख आहे."

बाकीच्या मशीनना एकच बटण होतं. याला दोन होती, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय दट्ट्या खाली येत नसे. म्हणजे तो येईल तेव्हा दोन्ही हात बाहेर. वर परक्या भाषेतली एक पाटी होती. मालकानं विचारलं, काय लिहिलंय?

"दोन्ही हात वापरा."

"आपल्याकडे कोणाला वाचता येतंय! राहू दे, शोभा आहे तेवढीच."

मिस्त्रीनं लावलेला हा पहिला आणि शेवटचा वशिला. त्यानं धाकटीला नऊ नंबरवर बसवलं. त्या रात्री त्याला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

आठवडाभर धाकटी दोन्ही बटणं दाबत राहिली. मग एकदा डबा खाताना म्हणाली, "दादा, ते एक बटण बांधून टाक."

"डोकं फिरलंय का तुझं? अगं, ते आहे म्हणून तर तुला तिथे बसवली."

"माहितीये मला. बाकीच्या दिवसाला चौदाशे काढतात. माझी सातशेच्या वर जात नाहीत."

"तिकडे आम्हीपण सातशेच काढायचो."

"तिकडे तुला तासाचे मिळायचे रे! सातशे काढ नाहीतर सत्तर, घड्याळ चालू. त्या दुसऱ्या बटणाचे पैसे तिकडे मालक भरत होता. इथे मी भरतेय. आणि तुझं काय जातंय सांगायला, तू महिन्यावर."

मिस्त्रीनं डब्याचं झाकण लावलं. बटण हा मशीनचा भाग, असंच तो अकरा वर्षं धरून चालला होता. तो पगाराचा भाग आहे, हे ज्या पोरीला त्यानं लहानपणी पाढे शिकवले तिनं त्याला शिकवलं.

तो मालकाकडे गेला. धाकटीला रोजावर घ्या म्हणाला, पाहिजे तर माझ्या पगारातून थोडं कापा. मालक चिडलासुद्धा नाही. "एकीला रोज दिला की उद्या बाकीच्या पाचही जणी दारात उभ्या. आणि मिस्त्री, इथे रोज परवडला असता तर हे मशीन तिकडून इकडे आलं असतं का?"

माणूस लबाड होता, पण हिशेबात खोट नव्हती. धाकटी रोज संध्याकाळी सातशेचा आकडा सांगायची आणि डबा उचलून निघायची. भांडली असती तर बरं, असं मिस्त्रीला व्हायचं. मुलीच्या फीची तारीख आठ दिवसांवर आली तेव्हा त्यानं तार घेतली आणि उजवं बटण दाबलेल्या अवस्थेत बांधून टाकलं. खाली रबराचा तुकडा घातला, वीस वेळा चालवून पाहिलं. वाईट काम करायचं तरी ते वाईट करायचं नाही, ही त्याची खोड. धाकटीची झाकणं पंधराशेवर गेली. फी वेळेत भरली.

दहाव्या आठवड्यात पत्रा जरा तिरका बसला. धाकटीनं तो उजव्या हातानं सरळ करायला घेतला आणि डावा हात सवयीनं मोकळ्या बटणावर गेला. दट्ट्याचा आवाज या वेळी दबका आला. शेडच्या दुसऱ्या टोकाला मिस्त्रीनं तो ऐकला आणि हातातलं सगळं टाकून धावला. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

दवाखान्यात धाकटीनं विचारलं, "दादा, तिकडे दोन बोटांचे किती देतात?"

तिकडे कँटीनमध्ये तक्ताच लावलेला असायचा. अंगठ्याचे एवढे, तर्जनीचे एवढे. तिच्या दोन बोटांचे झाले असते ते तिच्या नऊ वर्षांच्या कमाईएवढे. "मिळायचे किती" याचं उत्तर तो पहिल्यांदाच चुकवत होता. म्हणाला, "माहीत नाही गं." मालकानं दोन पट्ट्यांचा खर्च दिला आणि हात वर केले. "बटण मी बांधलं का? तुमच्या घरचं आहे, घरातच मिटवा." मुलगी रोज आईची पट्टी बदलायची. अगदी सफाईनं, पुस्तकात असते तशी. मामाशी ती एक अक्षर बोलली नाही.

मिस्त्रीनं अपघाताच्या दिवशीच ती तार काढून फेकून दिली होती, रबराचा तुकडा मात्र खिशातच राहिला होता.

दोन महिन्यांनी धाकटी कामावर परत आली. दोन्ही बटणं, मोडका हात. दिवसभरात तीनशे झाकणं झाली. संध्याकाळी ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"उजव्यानं पत्रा धरता येत नाही, पण तळव्यानं बटण दाबता येतं. पत्रा डाव्यानं सरकवीन. डावं बटण बांध ना."

"म्हणजे आता डावा हात आत घालणार?"

"दुसरा कुठला घालू?"

"नाही बांधणार. मेलो तरी नाही बांधणार."

 डबा उचलला आणि गेली.

सकाळी तो आला तेव्हा धाकटी मशीनवर बसलेली होती आणि डावं बटण बांधलेलं होतं. तार एकट्या डाव्या हातानं गुंडाळलेली, ढिली, वेडीवाकडी. मिस्त्रीनं ती बोटानं हलवून पाहिली. घट्ट बांधलेल्या बटणापेक्षा ढिलं बांधलेलं वाईट. तळवा बटणावर ठेवला तरी दट्ट्या येत नाही, काय अडकलं म्हणून माणूस हात घालून बघायला जातं, तेवढ्यात तार सरकते आणि तो येतो.

"ऊठ जरा," तो म्हणाला.

ती उठली. तार काढून टाकेल या भीतीनं ती त्याच्या हातांकडेच बघत होती. त्यानं तार सोडली, खिशातून रबराचा तुकडा काढून खाली घातला, आणि बटण पुन्हा घट्ट आवळून बांधलं. मग वीस वेळा चालवून पाहिलं.